माणशी पाच रुपयांची पावडर

पंधराशे वस्तीचं गाव धरा. जलजीवन मिशनच्या मापाने माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे साडेब्याऐंशी हजार लिटर पाणी. पाण्यातले जंतू मारायला हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल, म्हणजे आपली क्लोरीनची ब्लीचिंग पावडर, हे प्रमाण ग्रामपंचायतीच्या पाणीवाल्याला तोंडपाठ असतं. रोजची सव्वाचारशे ग्रॅमच्या आत, वर्षाची दीडशे किलो. किलोला पन्नास रुपये भाव धरला तर साडेसात हजार. माणशी वर्षाला पाच रुपये. एक कटिंग चहासुद्धा याहून महाग.

त्याच गावात आरओचं, म्हणजे पडद्यातून गाळून क्षारही काढलेल्या पाण्याचं, एटीएम बसवलं आणि वीस लिटरच्या जारला पाच रुपये दर ठेवला, तर रोज एक जार नेणारं घर वर्षाला १,८२५ रुपये मोजतं. कुरकुर न करता मोजतं. पाणीपट्टीत शंभर रुपयांची वाढ सुचवली की मात्र ग्रामसभेत आवाज चढतात. लोक अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते खरं नाही. जारचं पाणी जिभेला गोड लागतं, त्यात डाळ लवकर शिजते. क्लोरीनचा फायदा काय, तर न झालेला जुलाब. न झालेल्या गोष्टीची पावती कुणाला मिळत नाही, आणि वर पाण्याला औषधाचा वास येतो.

अर्थशास्त्राचं २०१९चं नोबेल अभिजित बॅनर्जी आणि एस्तर डुफ्लो यांच्यासोबत मिळालेले मायकल क्रेमर यांनी सहकाऱ्यांबरोबर केनियातल्या खेड्यांत नेमकं हेच मोजून पाहिलं. तिथे उघडे झरे काँक्रीटने बंदिस्त करून पाणी पाइपातून बाहेर काढलं. झऱ्यावरचं विष्ठेतल्या जंतूंचं प्रमाण दोन-तृतीयांशाने घटलं. घरात साठवलेल्या पाण्यात मात्र ते जेमतेम पाव हिश्श्यानेच कमी झालं. उरलेली घाण वाटेत आणि घरात मिसळते: उघडा हंडा, आत बुडणारी बोटं, जमिनीवर ठेवलेला तांब्या. उतरंडीशेजारी लांब दांड्याचं ओगराळं टांगण्याची जुनी पद्धत म्हणूनच मला फार शहाणी वाटते. क्लोरीनची खुबी अशी की त्याचा थोडा अंश पाण्याबरोबर घरापर्यंत येतो. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरला, तर हंड्यात नंतर पडणाऱ्या जंतूंनाही तो गाठतो.

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त बोलकी आहे. चांगल्या झऱ्यासाठी किती द्याल, असं लोकांना विचारलं. शिवाय चांगल्या झऱ्यासाठी ते किती लांब चालत जातात, तेही मोजलं. तोंडाने सांगितलेली किंमत पायांनी दाखवलेल्या किमतीहून बरीच जास्त निघाली! पुढच्या प्रयोगांत क्लोरीनची बाटली दुकानात विकत ठेवली, तेव्हा दहा टक्के घरांनीही ती वापरली नाही. तेच क्लोरीन पाणवठ्यावर फुकट, तोटी फिरवली की हवं तेवढं मिळेल असं ठेवलं आणि आठवण करून द्यायला गावातलाच एक माणूस नेमला, तर निम्म्याहून जास्त घरं वापरू लागली. मुद्दा गरिबीपुरता नाही. माझ्या पोराला जुलाब झाले नाहीत, तर शेजारच्या पोरालाही लागण होत नाही. पण शेजारी काही माझ्या बाटलीचे पैसे देत नाही. अशी वस्तू सुटी विकायला काढली की हमखास पडून राहते. तिचे पैसे सगळ्यांकडून पाणीपट्टीतच घ्यावे लागतात.

मग पाच रुपयांत काम व्हायला हवं. होत नाही, कारण महाग पावडर नसून ती रोज टाकणारा माणूस आहे. ताज्या टीसीएलमध्ये क्लोरीन साधारण ३३ टक्के असतं. गोणी फोडून दमट खोलीत ठेवली की ते उडत जातं, आणि काही काळाने तीच पाच ग्रॅम पुरेनाशी होते. हे पकडायला ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट आहे. पावडर टाकून अर्धा तास झाल्यावर छोट्या नळीत पाणी घ्यायचं, ओटीचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. फक्त ही नळी टाकीखालच्या नळाला न धरता वाडीतल्या शेवटच्या घराच्या नळाला धरायला हवी. वर्षातून दोनदा गावाच्या पाण्याचं सर्वेक्षण होऊन जोखमीप्रमाणे हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं ते ठीकच; पण जंतूंना कार्डाची तारीख कळत नाही.

नाशिक जिल्ह्यात हा हिशेब तालुक्यागणिक बदलतो. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरला पाऊस धो धो पडतो, पण खालचा कातळ पाणी धरत नाही. उन्हाळ्यात टँकर येतो आणि विहिरीत रिकामा होतो. त्या धारेने तळाचा गाळ उसळतो, आणि टाकलेल्या क्लोरीनचा बराचसा भाग जंतूंआधी गाळच खाऊन टाकतो. इथे पाच ग्रॅमचं पाठांतर कामाचं नाही. गाळ बसू द्यावा लागतो, मात्रा वाढवावी लागते.

द्राक्ष-कांद्याच्या बागायती पट्ट्यातलं दुखणं निराळं. तिथल्या काही विहिरींत खतांचं नायट्रेट उतरतं. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. क्लोरीनचा त्यावर काही परिणाम नाही, आणि पाणी उकळलं तर वाफ जाऊन नायट्रेट उलट दाट होतं. तिथे आरओ किंवा पाण्याचा दुसरा उद्भव हाच उपाय, महाग असला तरी. तान्ह्या बाळाचं दूध अशा पाण्यात कालवणं तर धोक्याचंच. त्यामुळे यंत्र घेण्याआधी पाणी तपासून घ्यावं. जंतूंच्या गावात आरओ आणि नायट्रेटच्या गावात टीसीएल, दोन्हीकडे पैसा वाया.

बांधकामाला निधी मिळतो, टाकीवर नावं रंगवता येतात. रोज सकाळी टाकीवर चढणाऱ्याच्या मानधनाला मात्र कुणी वाली नसतो. समजा या माणसाला, म्हणजे जलसुरक्षकाला, महिन्याला तीन हजार रुपये जास्त दिले. वर्षाचे ३६ हजार, माणशी २४ रुपये. पावडर धरून २९. पाच जणांच्या घराला वर्षाला १४५ रुपये. फक्त ही रक्कम पाणीपट्टीच्या ठरावात वेगळी लिहून घ्यावी, नाहीतर मोटारीच्या वीजबिलात ती कधी गेली ते कळणारही नाही.