एक्झॉस्ट ब्रेक आणि मागच्या कारचा ब्रेक

अमेरिकेत मोटरहोमच्या (राहायची सोय असलेल्या बसएवढ्या गाडीच्या) मागे कार बांधून रॉकी पर्वताकडे निघालेले लोक हमखास विचारतात: आमच्या डिझेल मोटरहोमला एक्झॉस्ट ब्रेक आहे, मग मागच्या कारला वेगळा ब्रेक कशाला? दोन्ही ब्रेकच, दोन्ही उतारावरच आठवणारे, त्यामुळे एकावर भागेल असं वाटतं. भागत नाही. एक्झॉस्ट ब्रेक इंजिनाच्या जोरावर वेग धरून ठेवतो, वाढू देत नाही. कारचा ब्रेक लागतो तो थांबायला.

डेन्व्हरच्या पश्चिमेचा आय-७० हायवे घ्या. आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांहून उंच. तिथून सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना मैलोन्‌मैल सहा-सात टक्के उतार, आणि ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी कडेला चढावर काढलेले रॅम्प. समजा मोटरहोम २०,००० पौंडांचं आहे, मागची कार ४,००० पौंडांची आणि तिची चारही चाकं रस्त्यावर. सात टक्के उतारावर एकसारख्या वेगाने जाताना ही कार मोटरहोमला जास्तीत जास्त २८० पौंडांच्या जोराने ढकलते. एक्झॉस्ट ब्रेक आणि खालचा गिअर मिळून तेवढं सहज पेलतात. पण वळणापलीकडे हरीण उभं दिसलं आणि पाय कचकन ब्रेकवर गेला, की हिशेब बदलतो. गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या दराने वेग उतरवायचा तर ब्रेक नसलेली तीच कार २,२०० पौंडांहून जास्त जोराने मागून येते, आणि वळणावर तर शेपूट बाहेर ढकलते. मोटरहोमचे ब्रेक सहसा त्याच्या स्वतःच्या कमाल वजनाच्या हिशेबाने बसवलेले असतात. कारचं ओझं त्यात धरलेलं नसतं.

एक्झॉस्ट ब्रेकमध्ये धुराची वाट अडवली जाते, आत दाब साठतो आणि पिस्टनला त्याविरुद्ध झगडावं लागतं. परिणाम होतो तो फक्त इंजिनाला जोडलेल्या मागच्या चाकांवर. म्हणून बर्फावर तो बंद ठेवायचा, नाहीतर तीच चाकं घसरतात. पेट्रोलच्या मोटरहोमला हा ब्रेक नसतोच. तिथे टो-हॉल मोड (ओझं ओढतानाची गिअरची सेटिंग) लावून गिअर खाली आणायचा. एक्झॉस्ट ब्रेकचा नातलग म्हणजे जेक ब्रेक. १९३१ मध्ये क्लेसी कमिन्स (हो, कोथरूडमुळे पुणेकरांना माहीत असलेल्या कमिन्स कंपनीचे संस्थापक) कॅलिफोर्नियातला कहोन घाट ट्रकमधून उतरत होते. ब्रेक निकामी झाले आणि खाली रेल्वे फाटकावर मालगाडी. थोडक्यात वाचले. इंजिनालाच ब्रेक बनवायची त्यांची कल्पना १९६१ मध्ये जेक ब्रेक म्हणून बाजारात आली.

कारच्या ब्रेकचं तंत्र साधं आहे. ड्रायव्हरच्या सीटसमोर एक पेटी ठेवतात, ती कारचं पेडल दाबते; किंवा मोटरहोमच्या एअर ब्रेकमधून जोडणी घेतात. ओढलेल्या कारचं इंजिन बंद असतं, त्यामुळे बूस्टरची मदत नाही आणि पेडल कडक. पेटीला ते गृहीत धरूनच जोर लावावा लागतो. टो-बार (कार जोडणारा दांडा) तुटून कार सुटलीच, तर एका केबलमुळे तिचे ब्रेक आपोआप लागतात. एक्झॉस्ट ब्रेक कितीही दमदार असो, सुटलेल्या कारपुढे तो काय करणार? अनेक राज्यांत ३,००० पौंडांपुढच्या ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक लागतात. तुमच्या वाटेवरच्या प्रत्येक राज्याचा नियम आधी बघा.

खरी गोची दोन्ही बसवल्यावर होते. काही मोटरहोममध्ये एक्झॉस्ट ब्रेक लागला की ब्रेकलाइटही लागतो. त्या दिव्यावर चालणाऱ्या पेटीला वाटतं, पाय पेडलवर आहे, आणि ती अख्खा उतार कारचे ब्रेक धरून बसते. वेग कमी झाल्याचं ओळखून दाबणारी पेटीही, संवेदनशीलता फार ठेवली तर, असाच घोळ घालते. खाली पोचेपर्यंत कारचे पॅड जळालेले. म्हणून पेटीला सिग्नल खऱ्या पेडलवरूनच मिळतोय ना, हे सपाटीवरच तपासून घ्या. पेटी कधी दाबते हे दाखवणारा दिवा मोटरहोमच्या डॅशबोर्डवर असतो. उतारावर अधूनमधून त्यावर नजर असू द्या.

वायोमिंगमधल्या टीटन पासला मात्र मी हा सगळा हिशेब करत बसणार नाही. दहा टक्के उतार, हिवाळ्यात ट्रेलरला बंदी, आणि चार चाकांवर बांधलेली कार घेऊन मोटरहोम रिव्हर्स घेता येत नाही. पायथ्याशीच कार सोडायची आणि घरातल्या दुसऱ्याने ती चालवत न्यायची.