पार्श्वभूमी : सेल्ट्यार्नार्नेस ते सान सेबास्तियन

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस स्पेनमधल्या सान सेबास्तियनच्या रेआल सोसिएदाद या फुटबॉल क्लबाने नुकतीच वीस वर्षे पूर्ण केलेल्या ऑरी ओस्कार्सन या आइसलँडी आघाडीपटूशी २०३० पर्यंतचा करार केला, तेव्हा चर्चा झाली ती मुख्यतः सुमारे दोन कोटी युरोंच्या आकड्याची. खेळाडू कोपनहेगनहून आला, एवढी नोंद सर्वांनी केली. मात्र तो मुळात कोपनहेगनलाच का गेला होता, याकडे फारसे कोणी वळले नाही.

आइसलँडचा पहिला व्यावसायिक फुटबॉलपटू १९४० च्या दशकात ग्लासगो, लंडन, नान्सी, मिलान असा फिरला आणि पुढे देशाचा अर्थमंत्री झाला. त्यानंतरही खेळाडू बाहेर जात राहिले. चित्र पालटले ते २००० नंतर. त्या वर्षी केफ्लाव्हिकजवळ पूर्ण आकाराचे मैदान सामावणारी पहिली बंदिस्त इमारत उभी राहिली, पाठोपाठ इतरत्रही तशा इमारती झाल्या, शाळांशेजारी कृत्रिम गवताची छोटी मैदाने आली आणि लहान मुलांनाही परवानाधारक, पगारी प्रशिक्षक शिकवू लागले. २०१६ च्या युरो स्पर्धेत आणि २०१८ च्या विश्वचषकात आइसलँडचा जो खेळ जगाने पाहिला, त्याची मुळे याच इमारतींत आहेत. आपल्या विषयातला खेळाडू २००४ सालचा. हिवाळ्यात फुटबॉल बंद पडायचा, हे त्याने फार तर घरच्यांकडून ऐकले असेल.

त्याचे गाव सेल्ट्यार्नार्नेस. रेक्याविकच्या पश्चिमेला समुद्रात शिरलेल्या जमिनीच्या टोकावर साडेचार हजारांच्या आसपास माणसांची ही वस्ती आहे आणि टोकाला एक दीपगृह. ऑगस्ट २०१८ मध्ये, चौदावा वाढदिवस काही दिवसांवर असताना, तो गावच्या क्लबाकडून तिसऱ्या श्रेणीच्या सामन्यात उतरला आणि पहिल्याच सामन्यात त्याने दोन गोल केले. संघाचा प्रशिक्षक त्याचा बापच होता. वशिल्याची कुजबुज अशा वेळी सगळीकडेच होते. दोन गोल झाल्यावर तिला फारसा अर्थ उरला नसावा. पुढच्या वर्षी क्लब दुसऱ्या श्रेणीत खेळला आणि त्या हंगामाअखेर सर्वोच्च श्रेणीत पोहोचला. मुलगा मात्र २०२० मध्ये डेन्मार्कला गेला.

इथे 'अल्पवयीन खेळाडूचे हस्तांतरण' या शब्दप्रयोगाची फोड करावी लागते, कारण तो सैलपणे वापरला जातो. जागतिक नियमानुसार अठरा वर्षांखालील खेळाडूची दुसऱ्या देशात नोंदणी करता येत नाही. या बंदीला मोजके अपवाद आहेत. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात स्थायिक झाले असतील, तर नोंदणी होऊ शकते. सीमेलगत राहणाऱ्या मुलांसाठी अंतराची अट घालून सवलत आहे. आणि युरोपीय संघ किंवा युरोपीय आर्थिक क्षेत्र यांच्या आत सोळा ते अठरा या वयात हस्तांतरणाला मुभा आहे. त्यासाठी खेळाच्या प्रशिक्षणाबरोबर शिक्षण, राहण्याची नीट सोय आणि मुलाकडे लक्ष देणारी व्यक्ती यांची हमी नव्या क्लबाने द्यायची असते. आइसलँड युरोपीय संघात नाही, पण आर्थिक क्षेत्रात आहे. हा फरक वरवर कागदी वाटतो, तरी सोळाव्या वर्षी उघडणारे दार त्याच्यामुळेच उघडते.

म्हणूनच क्लबाशी बोलणी होणे, करार जाहीर होणे आणि नोंदणी होणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. 'पंधराव्या वर्षी विकला गेला' हे वाक्य अशा खेळाडूंविषयी सर्रास लिहिले जाते. नियम मोजतो तो केवळ नोंदणीचा दिवस. या खेळाडूला सोळावे वर्ष पूर्ण झाले ऑगस्ट २०२० च्या शेवटी. त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला ब्रिटनचा युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा संक्रमणकाळ संपला आणि इंग्लिश क्लबांना या अपवादाचा लाभ मिळेनासा झाला. आधीच्या पिढीतली आइसलँडी मुले सोळाव्या वर्षी इंग्लंडच्या अकादम्यांत जात. त्यानंतरच्या मुलांना अठरापर्यंत ती वाट बंद आहे. मुलांचा बाजार होऊ नये म्हणून केलेल्या नियमाने आइसलँडी मुलांची दिशाच ठरवून टाकली. कोपनहेगन, आणखी काही उत्तर युरोपीय शहरे आणि नेदरलँड्स यांना याचा आयता फायदा झाला. यात संरक्षण किती आणि निव्वळ भूगोल किती, हे तपासायला हवे.

डेन्मार्कमधला काळ सरळ चढाचा नव्हता. २०२३ च्या पूर्वार्धात त्याला दक्षिण जटलंडमधल्या दुसऱ्या श्रेणीच्या क्लबाकडे उसनवारीवर पाठवले गेले. त्याच उन्हाळ्यात चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत कोपनहेगनची गाठ पडली ती आइसलँडमधल्या कोपाव्होगुरच्या क्लबाशी, म्हणजे बाप तेव्हा प्रशिक्षक होता त्या संघाशी. परतीचा सामना ६-३ असा संपला आणि त्यात मुलाने हॅट्ट्रिक केली. १९९६ मध्ये एस्टोनियातल्या टाल्लिनला आइसलँडच्या राष्ट्रीय संघात दुसऱ्याच एका बापाच्या जागी त्याचा मुलगा बदली खेळाडू म्हणून उतरला होता, तो प्रसंग आइसलँडमध्ये अजून सांगितला जातो. पण बापाच्या संघावर तीन गोल चढवण्याचा प्रकार त्याहून अवघडच म्हणायचा. बापाच्या संघाने मात्र त्याच हंगामात पुरुषांच्या युरोपीय स्पर्धेच्या गटफेरीत पोहोचणारा पहिला आइसलँडी क्लब होण्याचा मान मिळवला.

स्पेनमध्ये आल्यावर महिन्याभरातच, सप्टेंबर २०२४ मध्ये, व्हॅलेन्सियाविरुद्ध बदली म्हणून येऊन त्याने शेवटच्या टप्प्यात दोन गोल केले, तरी नियमित जागा पक्की झाली नाही. मार्च २०२५ मध्ये नव्या राष्ट्रीय प्रशिक्षकाने त्याला कर्णधार केले, तेही आधीचा अनुभवी कर्णधार संघात असताना. विसाव्या वर्षी ही जबाबदारी देणे घाईचे होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या सगळ्यात गावच्या क्लबाचा वाटा मागे पडतो. कराराच्या मुदतीआधी झालेल्या आंतरराष्ट्रीय विक्रीच्या रकमेतून पाच टक्के बाजूला काढून बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत खेळाडू घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. बारा ते पंधरा या वयाच्या प्रत्येक हंगामाला मूळ रकमेच्या पाव टक्का, आणि नंतरच्या प्रत्येक हंगामाला अर्धा टक्का. म्हणजे ते चारही हंगाम एकाच क्लबात गेले असतील, तर दोन कोटी युरोंवर त्या क्लबाचा हिशेब दोन लाख युरोंच्या आसपास जातो. कोवळ्या वयातल्या हंगामाला अर्धेच मोल का, याचे समाधानकारक उत्तर नियमात नाही.