आयसोपॉड घरी नेताय ना? डबा अर्धाच ओला ठेवा

नमस्कार. आमच्याकडून आयसोपॉड घेतलेत त्याबद्दल मनापासून आभार. हा कागद डब्याशेजारीच ठेवा, कारण पहिल्या दोन महिन्यांत आम्हाला जे फोन येतात त्यातल्या बहुतेकांचं उत्तर एकच असतं: डबा सगळा ओला करू नका. एक बाजू ओली, एक बाजू कोरडी, आणि हवा दोन्हीकडून खेळती. ट्रॉपिकल प्राणी म्हटलं की लोक रोज सगळीकडे स्प्रे मारतात, झाकण गच्च लावतात, आणि १५ दिवसांनी वास येतो म्हणून फोन करतात.

असं का ते नीट सांगतो. कुंडी उचलली की खाली करडे, बोट लावलं की गोळी होणारे जीव दिसतात ना, हे त्यांचेच भाऊबंद. दिसायला किडा, पण गोत खेकड्याचं नि कोळंबीचं. पाय सात जोड्या. जमिनीवर राहायला आले तरी श्वासासाठी ओल लागतेच, कारण पोटाखाली मागच्या बाजूला जे पातळ पापुद्रे असतात ते ओलसर असले तरच हवा आत जाते. म्हणजे कोरडं पडलं तर गुदमरतात, आणि चिखल झाला, हवा कोंदली, तरीही गुदमरतात. त्यांना कुठे किती ओल हवी ते त्यांचं त्यांना बरोबर कळतं, आपण फक्त दोन्ही जागा देऊन ठेवायच्या, मग ते चालत जाऊन निवडतात.

डबा भरताना

१० जणांसाठी साधारण ३० बाय २० सेंटिमीटरचा झाकणाचा प्लास्टिक डबा पुरतो. दोन समोरासमोरच्या भिंतींना भोकं पाडून त्यावर स्टीलची बारीक जाळी चिकटवा, नाहीतर चिलटं आत जातात. माती किमान ७-८ सेंटिमीटर हवी, क्युबारिस जातीचे असतील तर १० करा, ते खाली पुरून घेतात आणि कित्येक दिवस वर दिसतच नाहीत, ते मेले असं समजून माती उकरू नका प्लीज.

नुसतं कोकोपीट चालत नाही, त्यात खायला काही नसतं. निम्मी माती पानांच्या खताची घ्या, त्यात पांढरं पडलेलं, हलकं, बोटाने मोडेल असं कुजकं लाकूड मिसळा. मूठभर घेऊन दाबलं की ढेकूळ राहिलं पाहिजे पण बोटांतून पाणी गळता कामा नये, एवढीच ओल. मग एका बाजूला स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ), आणि सगळीकडे वाळक्या पानांचा जाड थर. पानं हेच त्यांचं मुख्य जेवण, संपली की लगेच घाला. सोसायटीतल्या बदामाची लाल होऊन गळालेली मोठी पानं उत्तम, जांभूळ, पेरू, वड, फणस सगळं चालतं. कडुनिंब आणि निलगिरी नको. घालायच्या आधी पानं दहा मिनिटं उकळून गार करा, नाहीतर गोम नि कोळी बरोबर येतात.

पानांबद्दल एक गोष्ट फार कळकळीने सांगायचीय. सुरुवातीच्या वर्षी आम्ही मखमलाबादकडच्या एका बांधावरून पोतंभर पानं आणली, शेजारी द्राक्षबाग होती, एवढा साधा विचार आम्ही केला नाही. उकळली पण होती. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण काढलं तर पावडर ऑरेंज या आयसोपॉडचं अख्खं कल्चर, म्हणजे डब्यातले सगळेच, उताणं पडलेलं, पाय हळूहळू हलतायत आणि आपल्याला काही करता येत नाही. आपल्या नाशिकला द्राक्षाचा जिल्हा म्हणतात आणि द्राक्षाला फवारणी लागतेच, तेव्हा बागेजवळचं एक पानही डब्यात घालू नका, उकळून औषध जात नाही. घरातही तेच. डासांची कॉइल, लिक्विड मशीन, झुरळाचा स्प्रे, मुंग्यांचा खडू, माणसाला फारसं न जाणवणारी ही औषधं खेकड्याच्या गोतातल्या जिवाला अगदी थोडीशी पण पुरतात. त्या खोलीत डबा नको. गल्लीत धुराची गाडी आली तर खिडकी लावा आणि डबा आतल्या खोलीत न्या. मुंग्या येत असतील तर जुनी युक्ती करा, परातीत पाणी, पाण्यात वीट, विटेवर डबा, आपण गुळाचं भांडं ठेवतो तसं.

स्प्रे फक्त मॉसच्या बाजूला. नळाचं पाणी रात्रभर उघड्या भांड्यात ठेवून मग वापरा म्हणजे क्लोरीन उडून जातो.

चुना, म्हणजे कॅल्शियम

हे लोक विसरतात आणि मग कात टाकताना मरतात. पांडवलेणी ज्यात कोरलीय तो आपल्याकडचा काळा पाषाण, त्यातून यांना हवा तसा चुना मिळत नाही, आणि रबर डकी ही क्युबारिसमधली जात तर थायलंडच्या चुनखडीच्या गुहांकडची. म्हणून डब्यात कायम समुद्रफेनाचा एक तुकडा ठेवा, काष्ठौषधीवाल्याकडे मिळतो, पक्ष्यांच्या पिंजऱ्यात लावतात तोच. अंड्याची टरफलं धुऊन, वाळवून, पूड करून घातली तरी चालेल. पण पानाचा चुना, म्हणजे डबीतला खायचा चुना, अजिबात घालू नका, तो जाळतो.

आणि कात टाकणं एकदा तरी बघाच. हे जीव अर्धे अर्धे कात टाकतात, आधी मागचा अर्धा भाग, मग दोनेक दिवसांनी पुढचा. त्या मधल्या काळात एकाच अंगावर दोन रंग दिसतात, मागे फिका नवीन, पुढे गडद जुना. आधी काही दिवस पोटाकडून बघितलं तर पुढच्या भागात पांढरे ठिपके दिसतात, तो कातीतून काढून साठवलेला चुना, पुढे परत वापरायला. टाकलेली कातसुद्धा खाऊन टाकतात. अशा वेळी हात लावू नका, अंग फार मऊ असतं.

खाणं

पानं सोडून आठवड्यातून दोनदा काकडी, गाजर, दुधीची चकती, आणि एकदा सुका जवळा पाण्यात धुऊन चिमूटभर किंवा माशांच्या खाण्याचे दोन दाणे. हे प्रोटीन टाळू नका, ते कमी पडलं तर कात टाकणाऱ्यालाच बाकीचे कुरतडतात. उरलेलं दुसऱ्या दिवशी काढा. थोडी बुरशी येणार, त्याला घाबरू नका, डब्यात आम्ही स्प्रिंगटेल (उड्या मारणारे बारीक जीव) घातलेत, बुरशी हाच त्यांचा खुराक.

नाशिकचे तीन हंगाम

एप्रिल-मे मध्ये पारा ४० ला टेकतो आणि हवा एकदम कोरडी. आपल्या ट्रॉपिकल जातींना २२ ते २८ डिग्री बरं. डबा घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, जिथे माठ ठेवता तिथेच ठेवा, बाजूला ओलं गोणपाट टाका. ऊन पडणारी खिडकी नको, प्लास्टिकचा बंद डबा उन्हात काही मिनिटांत तापतो.

पावसाळ्यात उलटं. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरच एवढी ओल असते की स्प्रे आठवड्यातून एकदा पण पुष्कळ, माती बोटाने चाचपून मगच मारा. सगळ्या भिंतींवर दव आणि सगळे आयसोपॉड झाकणाला चिकटलेले दिसले तर ती हौस नाही, खाली हवा कोंदलीय. लगेच भोकं वाढवा, ओली माती थोडी काढून कोरडी घाला.

थंडीत डिसेंबर-जानेवारीत रात्री १० च्याही खाली जातं, निफाडकडे अजून कमी. डबा थर्माकोलच्या खोक्यात ठेवा, जाळ्या मात्र मोकळ्या राहू द्या. या दिवसांत खाणं आणि पिल्लं दोन्ही मंदावतात, त्यात काळजीचं काही नाही.

पिल्लं

मादीच्या पोटाखाली पिशवी असते, त्यात पाणी असतं आणि अंडी त्यातच वाढतात, म्हणून यांना अंडी घालायला डबकं शोधावं लागत नाही. बाहेर येणारं पिल्लू पांढरं, खसखशीएवढं, आणि पाय सहाच जोड्या, सातवी जोडी नंतर कात टाकल्यावर येते. ड्वॉर्फ व्हाइट या जातीत मादीला नराची पण गरज लागत नाही. पावडर ब्लू हे आयसोपॉड भराभर वाढतात, रबर डकीला महिनोन् महिने लागतात, म्हणून पहिल्यांदाच पाळणाऱ्याला आम्ही डकी देत नाही, कितीही आग्रह केला तरी. आधी सहा महिने पावडर ब्लू सांभाळा, मग या.

एखादा अचानक चमकदार निळा-जांभळा दिसला (पावडर ब्लूचा राखाडी निळा वेगळा) तर तो विषाणूचा आजार असू शकतो, त्याला औषध नाही, लगेच वेगळा काढा आणि आम्हाला फोटो पाठवा.

जास्त झाले, नको झाले, तर बागेत किंवा गोदाकाठी सोडू नका, ते इथले नाहीत. डब्यासकट आमच्याकडे आणून द्या, कधीही, आम्ही ठेवून घेतो. आम्ही १० सांगून १२ देतो, तरी पोचल्यावर मोजा, आणि कमी भरले तर त्याच दिवशी फोटोसकट कळवा.