एअर फोर्कच्या दुखण्यांची पूर्वपीठिका

माउंटन बाइकच्या एअर फोर्कच्या, म्हणजे पुढच्या चाकाला धरणाऱ्या आणि हवेच्या दाबावर धक्के झेलणाऱ्या दोन पायांच्या फोर्कच्या, तक्रारी ठरलेल्या असतात. हवा टिकत नाही, फोर्क खाली बसतो तो वर येत नाही, बारीक खडीवर हात बधिर होतात, स्टॅन्शनवर (आत सरकणाऱ्या वरच्या नळीवर) तेलाचं कडं दिसतं. यातली जवळजवळ प्रत्येक तक्रार फोर्कच्या रचनेत कधीतरी केलेल्या एखाद्या बदलातून आली आहे. तो बदल का झाला हे कळलं, की काय उघडायचं आणि काय बंदच ठेवायचं हे ठरवता येतं.

सुरुवात हवेनेच झाली. पॉल टर्नर आणि स्टीव्ह सायमन्स हे दोघेही मोटोक्रॉसच्या दुनियेतले. त्यांच्या रॉकशॉक्स कंपनीचा पहिला फोर्क, आरएस-1, हवा आणि तेलावर चालायचा आणि जेमतेम दोन इंच दबायचा. 1990 मध्ये अमेरिकेतल्या ड्युरँगोला माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. तिथे ग्रेग हर्बोल्डने रॉकशॉक्सचा फोर्क लावून डाउनहिल (उतारावरची शर्यत) जिंकली आणि सस्पेन्शन ही चैन आहे की गरज, हा वाद फार काळ उरला नाही.

पुढच्या मॅग 21 मध्येही हवा आणि तेल एकाच नळीत होतं. हवा भरायला फुटबॉलला लावतात तशी सुई लागायची आणि ती काढतानाच थोडा दाब जायचा. खरी अडचण निदानाची होती. एक सील गेलं की हवाही उतरायची आणि तेलही जायचं. स्प्रिंग बिघडली की डॅम्पिंग (फोर्कची हालचाल तेलाने आवरणारी यंत्रणा), हे बाहेरून सांगणं अवघड होतं.

मग काही वर्षं हवेला बाजूला सारून इलास्टोमर आले. डग ब्रॅडबरी यांच्या मॅनिटू फोर्कमध्ये रबरासारखे ठोकळे रचलेले असत. त्यात गळण्यासारखं काही नव्हतं, पण थंडीत ते कडक होत आणि कालांतराने त्यांचा जीव जाई. 1995 च्या रॉकशॉक्स ज्युडीमध्येही स्प्रिंगचं काम इलास्टोमरच करत होते, पण डॅम्पिंगचं तेल एका बंद कार्ट्रिजमध्ये वेगळं झालं. माझ्या मते दुरुस्तीच्या दृष्टीने हाच सगळ्यात मोठा टप्पा. आज बहुतेक फोर्कमध्ये एका पायात हवा आणि दुसऱ्यात डॅम्पर असतो, त्यामुळे तपासणी दोन भागांत करता येते. फोर्क बसलेला किंवा कमी-जास्त दबणारा असेल तर आधी हवेची बाजू बघायची. उंची बरोबर आहे, पण दाबून सोडल्यावर फोर्क उसळी मारतो आणि रिबाउंडची (फोर्क परत वर येण्याचा वेग ठरवणारी) नॉब फिरवून काही फरक पडत नाही, तर डॅम्पर.

1998 च्या मॉडेल वर्षात रॉकशॉक्सचा एसआयडी हा फोर्क आला आणि वजनाच्या जोरावर हवा परत आली. हवेच्या स्प्रिंगचा एक स्वभावदोष आहे. पूर्ण उघड्या अवस्थेतही आतला दाब पिस्टनला ढकलत असतो, त्यात सीलचं घर्षण, म्हणून पहिला धक्का फोर्क गिळतच नाही. यावर तोड म्हणून पिस्टनच्या खालच्या बाजूला उलट दिशेने ढकलणारा निगेटिव्ह कप्पा आला. ड्युअल एअर नावाच्या रचनेत तो वेगळ्या व्हॉल्व्हमधून भरायचा. बरेच जण तो भरायला विसरत किंवा अंदाजाने भरत. पुढे दोन्ही कप्पे आपोआप समान होऊ लागले: नळीच्या भिंतीत एक छोटा खळगा असतो, पिस्टनचं सील त्यावरून जाताना हवा एका कप्प्यातून दुसऱ्यात जाते. म्हणूनच शॉक पंपने एका दमात पूर्ण दाब भरू नये. थोडी हवा भरायची, फोर्क सावकाश दहाएक वेळा दाबायचा, पुन्हा भरायची. दाबताना बारीक फुस्स आवाज येतो, तीच हवा खाली जात असते. हे केलं नाही तर गेजवर आकडा बरोबर दिसतो आणि फोर्क मात्र दगडासारखा लागतो.

खाली बसून राहणारा फोर्क हे याच सोयीचं अपत्य. पिस्टनचं सील झिजलं की प्रवासादरम्यान हवा निगेटिव्ह कप्प्यात शिरत राहते आणि फोर्कला खाली ओढून धरते. गंमत म्हणजे हवा बाहेर गेलेलीच नसते, त्यामुळे वरून कितीही भरली तरी दुखणं हटत नाही. एअर स्प्रिंग काढून ओ-रिंग बदलाव्या लागतात. इथे सावध राहायला हवं. वरच्या व्हॉल्व्हमधून सगळी हवा सोडली तरी अशा फोर्कमध्ये दाब कोंडलेला असू शकतो. खालचा बोल्ट काही आटेच सैल करायचा, चेहरा बाजूला ठेवायचा, आणि फुसफुस पूर्ण थांबेपर्यंत पुढे जायचं नाही.

वजनाच्या मागे लागताना आणखी एक गोष्ट गेली, ती म्हणजे तेल. 1997 चा मार्झोकी बॉम्बर झेड1 जड होता, पण त्याच्या पायांत भरपूर तेल हिंदकळत असे आणि बुशिंग (नळ्या ज्यांवर सरकतात ती आतली कडी) सतत ओली राहत. आजच्या हलक्या फोर्कच्या लोअर्समध्ये (खालच्या बाहेरच्या नळ्यांत) काही मिलिलिटरच तेल असतं. ते मळतं, सुकतं आणि फोर्क अडखळू लागतो. म्हणून रॉकशॉक्स दर 50 तासांनी लोअर्स उतरवून साफ करायला सांगते. हवा सोडून लोअर्स काढायचे, सीलखालचे फोमचे रिंग धुऊन पुन्हा तेलात भिजवायचे, मॅन्युअलमध्ये दिलं आहे तेवढंच तेल मोजून घालायचं आणि बोल्टखालचे वॉशर नवे टाकायचे. सीलवर तेलाचा पातळ थर दिसणं ठीक आहे. पण कडं जाडसर, काळपट आणि रोजचंच असेल तर डस्ट सील (धूळ अडवणारं वरचं सील) बदलायची वेळ आली.

लोअर्समध्ये कोंडणाऱ्या हवेकडे मात्र उशिरा लक्ष गेलं. जोडणी करताना आत राहिलेली हवा उंच डोंगरावर गेल्यावर बाहेरचा दाब उतरल्याने फुगते आणि फोर्कचा शेवटचा प्रवास अडवते. फॉक्स कंपनीने 2021 च्या 36 आणि 38 या फोर्कमध्ये ही हवा सोडायला मागच्या बाजूला बटणं दिली. जुन्या फोर्कमध्ये मेकॅनिक बोथट टोकाचा प्लास्टिकचा पातळ झिप टाय डस्ट सीलखाली अलगद सरकवून ती हवा सोडतात.