धान्याला लागणारी कीड

साठवलेल्या धान्यात, कडधान्यात, रव्यात आणि पिठात होणाऱ्या किड्यांचे हे सर्वसाधारण नाव. घरात मात्र प्रत्येकाची ओळख वेगळी: तांदळात सोंडे, मुगात भुंगा, रव्यात पोरकिडे, पिठात अळ्या आणि जाळी. झाकण उघडे राहिले म्हणून कीड लागली, असे आपण म्हणतो. पुष्कळदा ती शेतातून किंवा गोदामातून दाण्याच्या पोटात बसूनच घरी आलेली असते.

सोंडा जेमतेम ३ ते ४ मिलिमीटर लांबीचा. मादी सोंडेने दाणा कोरते, भोकात एक अंडे घालते आणि चिकट स्रावाने भोक बुजवून टाकते. अळी आतच खाते, आतच कोश करते आणि दमट, उबदार हवेत साधारण महिनाभरात किडा दाणा पोखरून बाहेर पडतो. त्यामुळे नीट निवडून, पाखडून भरलेल्या तांदळात आठ दिवसांनी सोंडे फिरताना दिसले, तर तो निवडणारीचा हलगर्जीपणा नव्हे. बंद दाणा सुपात ओळखू येत नाही. मूठभर दाणे पाण्यात टाकले तर पोखरलेले वर तरंगतात.

कडधान्याचा भुंगा अंडी दाण्यावर बाहेरूनच चिकटवतो. मूग तळहातावर घेऊन उजेडात धरले की हिरव्या सालीवर खसखशीहून बारीक पांढरे ठिपके दिसतात, तीच ही अंडी. अळी तिथूनच आत शिरते. भुंगा बाहेर पडला की गोल भोक राहते. अख्ख्या कडधान्याच्या मानाने डाळीला तो कमी लागतो. कडधान्याला एरंडेल चोळून ठेवण्याची जुनी रीत अगदी शास्त्रशुद्ध आहे, कारण तेलाच्या थराखाली अंडी गुदमरतात.

तांबड्या भुंगेऱ्याला अख्खा धड दाणा फोडता येत नाही. तो फुटक्या दाण्यावर, रव्यावर, पिठावर जगतो. त्याच्या अंगातून क्विनोन नावाची द्रव्ये पाझरतात. कीड फार वाढली की पीठ गुलाबीसर होते आणि त्याला उग्र, कुबट वास येतो. असे पीठ चाळून वापरू नये, टाकूनच द्यावे.

खपरा भुंगेऱ्याची केसाळ अळी गोदामाच्या भेगांत अन्नाविना वर्षानुवर्षे तग धरते. त्याच्याच धास्तीने अमेरिकेने २०११ पासून भारतासह, ही कीड आढळणाऱ्या देशांतून येणाऱ्या प्रवाशांना सामानात तांदूळ आणायला बंदी केली. मुलांकडे निघालेल्या आईवडिलांच्या बॅगेतला आंबेमोहोर तेव्हापासून घरीच राहतो.

एखादा सोंडा भातात शिजून पोटात गेला तर सहसा अपाय होत नाही. कीड पूर्ण टाळता येत नाही हे कायदेही मानतात. अमेरिकेत ५० ग्रॅम गव्हाच्या पिठात किड्यांचे सरासरी ७५ तुकडे भरले की कारवाईची मर्यादा गाठली जाते. भारतीय नियमांत धान्यातील युरिक आम्लाला किलोमागे १०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. ही कसोटी मला अधिक नेमकी वाटते. किडे चाळून काढता येतात, त्यांची विष्ठा मागे राहते आणि युरिक आम्ल तिचाच पुरावा देते.

खरा धोका किडीपेक्षा तिच्यावरच्या विषारी औषधांत आहे. धान्यात ठेवायची पारद टिकडी म्हणजे पारा. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून हवेतल्या ओलाव्याने फॉस्फीन वायू सुटतो. त्यावर उतारा नाही आणि बंद खोलीत झोपलेली माणसे त्याने दगावली आहेत. या गोळ्या घरात वापरण्यासाठी नाहीतच. कडक उन्हात पातळ पसरून धान्य खडखडीत वाळवावे आणि निवल्यावर कोरड्या डब्यात भरावे. दाताखाली दाणा कट्‌कन तुटला की ते वाळले. रवा, मैदा थोडा असेल तर आणल्याबरोबर चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवावा. थंडीने आतली अंडीही मरतात.