स्क्वॉड ५१ च्या मागची गोष्ट

गेल्या रविवारी नौपाड्यात एका मित्राकडे आम्ही दहा-अकरा जण 'इमर्जन्सी!' ही फायर ब्रिगेडच्या पॅरामेडिक्सची सिरीयल बघायला जमलो, पोहे-चहा, मग लागोपाठ ४ एपिसोड, आणि फोटो टाकल्यावर सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी विचारलं की ५० वर्षांपूर्वीची अमेरिकन सिरीयल, तिच्यासाठी ठाण्यात मेळावा कशाला? दोन ओळींत सांगण्यासारखं नाहीये ते, म्हणून इथे लिहितोय.

सुरुवात ॲम्ब्युलन्सपासूनच करायला लागेल. १९६० च्या दशकात अमेरिकेत ॲम्ब्युलन्स म्हणजे पेशंटला उचलून हॉस्पिटलला पोचवणारी गाडी, बस, आणि जवळजवळ निम्म्या ठिकाणी ती अंत्यविधी करणारी मंडळीच चालवायची कारण माणूस आडवा झोपेल एवढी लांब गाडी त्यांच्याकडेच असायची (हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खरंच वाटेना). १९६६ ला तिथल्या नॅशनल ॲकॅडमी ऑफ सायन्सेसच्या रिपोर्टने हे सगळं उघड मांडलं. त्याच सुमारास बेलफास्टमध्ये डॉ. फ्रँक पँट्रिज डिफिब्रिलेटर (शॉक देऊन हृदयाचे ठोके ताळ्यावर आणणारं मशीन) गाडीत घालून थेट हार्ट अटॅकच्या पेशंटच्या दारात न्यायला लागले होते. मग १९६९ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीत हार्बर जनरल हॉस्पिटलने फायर ब्रिगेडच्या जवानांना पॅरामेडिकचं, म्हणजे हॉस्पिटलच्या आधी जागेवरच उपचार करायचं, ट्रेनिंग द्यायला घेतलं. पण अडचण अशी की डॉक्टर नसलेल्याने रस्त्यावर इंजेक्शन द्यायचं तर कायदा कुठे होता? तो १९७० ला झाला, वेडवर्थ-टाउनसेंड कायदा, आणि त्यावर सही केली गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी, जे पुढे प्रेसिडेंट झाले तेच.

१५ जानेवारी १९७२ ला आलेल्या सिरीयलच्या पायलटची, म्हणजे पहिल्या भागाची, स्टोरी म्हणजे हाच कायदा. गेज आणि डेसोटो हे दोघे फायरमन हिरो ट्रेनिंग घेऊन तयार, पण हात बांधलेले, आणि हॉस्पिटलचे डॉ. ब्रॅकेट सुरुवातीला याच्या विरोधातच असतात, मग तेच जाऊन कायद्याची बाजू मांडतात. मला अजूनही सगळ्यात जास्त आवडतो तो हाच भाग, कारण डॉक्टरला व्हिलन नाही केलंय, त्याची भीती पटते आपल्याला.

जॅक वेब आणि रॉबर्ट सिनेडर यांची ही निर्मिती. केसेस फायर स्टेशनच्या खऱ्या लॉगबुकमधून घ्यायचे, फायर इंजिन चालवणारा माइक स्टोकर हा खराखुरा फायरमन आणि सिरीयलमध्येही स्वतःच्याच नावाने, सिरीयलमधलं स्टेशन ५१ म्हणजे कार्सन इथलं खरं स्टेशन १२७, आणि सिरीयलमधल्या रॅम्पार्ट हॉस्पिटलची बाहेरून दिसते ती बिल्डिंग चक्क हार्बर जनरलची, म्हणजे जिथे ट्रेनिंग सुरू झालं तीच! बायोफोनचा, म्हणजे त्यांच्या रेडिओ-फोनचा, तो केशरी डबा तर काय सांगू, त्यावरून पेशंटचा ईसीजी हॉस्पिटलला पाठवायचे आणि डॉक्टर तिकडून ऑर्डर द्यायचे. आणखी एक, स्क्वॉड ५१, म्हणजे गेज-डेसोटोची गाडी, पेशंटला नेत नाही, ती फक्त माणसं आणि सामान घेऊन पोचते, पेशंटसाठी ॲम्ब्युलन्स वेगळी येते, नवीन बघणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो.

सिरीयल सुरू झाली तेव्हा अख्ख्या देशात पॅरामेडिक युनिट्स अगदी मोजकी होती. लोकांनी दर शनिवारी टीव्हीवर हे बघितलं आणि आपापल्या गावात विचारायला लागले की आमच्याकडे का नाही. ६ सीझन चालली. २००० साली बायोफोन, हेल्मेट वगैरे स्मिथसोनियन म्युझियमने घेतलं आणि स्क्वॉड व फायर इंजिन या दोन्ही गाड्या आज बेलफ्लॉवरच्या फायर म्युझियममध्ये आहेत, एकदा जायचंच आहे.

महाराष्ट्रात १०८ आली २०१४ ला, तेव्हा ९३७ गाड्यांची, आणि आपल्याकडे गाडीतच डॉक्टर असतो. आमच्यातला एक जण १०८ वर डॉक्टर आहे, नाईट ड्युटी करून थेट आला होता, झोप सोडून. बायोफोनचा सीन लागला की तो रिमोट मागून घेतो आणि मागे नेऊन परत लावतो. वय, तक्रार, बीपी, पल्स, काय दिलं, किती मिनिटांत पोचतोय, हॉस्पिटलला फोन लावला की आम्हीपण असंच सांगतो रे, म्हणाला.