‘मालकांना विचारून सांगतो’: कारखान्याची घडी बदलण्याचं आमचं काम

कोल्हापूरकडच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल किंवा उद्यमनगरातल्या कुठल्याही कारखान्यात तासभर थांबलं की एक वाक्य चार-पाचदा कानावर येतं: “मालकांना विचारून सांगतो.” तीस माणसं होती तोवर ते खपून गेलं. आता दीडशे आहेत, दोन शिफ्ट आहेत. मालक पुण्याला गेले की इकडे भट्टी चालू आणि स्क्रॅपची गाडी सहीसाठी गेटवर उभी.

हे वाक्य कमी करणं, एवढंच आमचं काम. कोणता निर्णय कोणी घ्यायचा हे ठरवून ते अंगवळणी पडेपर्यंत आम्ही करारावर येतो. साधारण चार ते सहा महिने, आठवड्यातून दोन दिवस.

बहुतेक जण आधी तक्ता मागतात, कोण कोणाच्या हाताखाली त्याचा. तो आम्ही शेवटी काढतो. सुरुवातीच्या दिवसांत एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, आम्हीच उलटं केलं. तक्ता फ्रेम करून भिंतीवर लागला आणि माणसं पूर्वीसारखीच मालकांच्या, म्हणजे दादांच्या, केबिनबाहेर रांगेत. म्हणून आता पहिले पंधरा दिवस एकाच ऑर्डरच्या मागे फिरतो: पॅटर्न (नमुना), कोअर शॉप (पोकळीसाठीचे गाभे), मोल्डिंग (साचा), फेटलिंग (ओतलेल्या मालाची साफसफाई), डिस्पॅच. माल कुठे थांबला आणि कोणासाठी, तेवढं टिपतो.

मग एका कागदावर पंचवीसेक निर्णय लिहितो. शंका असलेलं कास्टिंग (ओतलेला भाग) सोडायचं की वितळवायचं, ओव्हरटाइम कोण देणार, खरेदी किती रकमेपर्यंत न विचारता. प्रत्येकापुढे एकच नाव. दोन भाऊ भागीदार असले की गाडी इथेच अडते, कारण दोघांचीही नावं लिहा असा आग्रह होतो. आम्ही लिहीत नाही. ही बैठक लांबते, लांबू द्यावी. कागद आधी एकाच विभागात महिनाभर चालवून बघतो.

शिफ्टच्या वेळा बदलायच्या असतील तर कामगारांना २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. ती बाजू तुमच्या लेबर कन्सल्टंटनी बघायची. माणसं कमी करण्याच्या याद्या आम्ही बनवत नाही.

फी दरमहा ठरलेली, त्यावर १८ टक्के जीएसटी. तुम्ही लागू दराने टीडीएस कापायचा. आमची नोंदणी सूक्ष्म उद्योगाची आहे, त्यामुळे बिल ४५ दिवसांच्या आत द्यावं लागतं. पटलं नाही तर १५ दिवसांची लेखी सूचना देऊन कोणीही करार थांबवू शकतं.

पहिल्या अर्ध्या दिवसाच्या भेटीचे पैसे नाहीत. मागच्या महिन्याचं डिस्पॅच रजिस्टर आणि खरेदीची फाईल काढून ठेवा. सुट्टीच्या दिवशी मात्र बोलावू नका, कारखाना चालू असताना यायचं आहे.